समुद्रातला धक्का, नदीवरचा घाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मलप्रभेकाठी जुना दगडी घाट आहे. गेली काही वर्षं दर रविवारी आम्ही गावकरी तो दुरुस्त करतो आहोत. पंगतीत, बाजारात, बेळगावच्या बसमध्ये लोक भेटतात आणि तेच तेच विचारतात. निम्मे प्रश्न घाटाबद्दल असतात, आणि निम्मे आम्ही सारखं ज्याचं नाव घेतो त्या इंग्लंडमधल्या लोखंडी धक्क्याबद्दल. दोन्हींची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

आपल्याकडे समुद्र नाही. मग समुद्रातल्या धक्क्याची गोष्ट कशाला?

आमच्यातल्या एका घरची मुलगी ब्रिस्टलला शिकायला होती. तिथून जवळ क्लीव्हडन नावाचं लहानसं गाव आहे. सुट्टीत ती तिकडे गेली आणि समुद्रात लांब गेलेल्या एका धक्क्याचे फोटो तिने घरी पाठवले. त्याखाली लिहिलं होतं, "बाबा, हा मोडून पडला होता. गावाने परत उभा केला." पुढची ग्रामसभा संपल्यावर ते फोटो आम्ही सगळ्यांना दाखवले. तोवर घाटाचा विषय निघाला की चर्चा "सरकारने करायला पाहिजे" इथेच थांबायची. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "त्यांनी सुरुवात कशी केली?" तेव्हापासून क्लीव्हडन आमच्या बोलण्यात आहे.

पिअर म्हणजे नेमकं काय?

किनाऱ्यापासून समुद्रात सरळ आत जाणारा, खांबांवर उभा असलेला धक्का. किनाऱ्यालगत पाणी उथळ असतं, बोट जवळ येऊ शकत नाही, म्हणून माणसांनीच बोटीपर्यंत चालत जायचं. सुरुवात एवढ्या साध्या गरजेतून झाली. इंग्लंडमध्ये रायडचा पिअर १८१४ चा, सगळ्यांत जुना. पुढे लोक बोटीसाठी कमी आणि हवा खायला जास्त येऊ लागले, तशी त्यावर बाकं आली, वाद्यवृंद आले, चहाची दुकानं आली. समुद्राच्या तळाशी लोखंडी खांब रोवायला स्क्रूसारखं पातं असलेला खांब वापरत. तो अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याने शोधला, आणि मिचेल अंध होते. वाळूचा तळ हाताने चाचपूनच त्यांना हे सुचलं असेल असं मला नेहमी वाटतं.

भारतातही असे धक्के झाले. केरळात अलप्पुळाच्या किनाऱ्यावर १८६२ च्या धक्क्याचे गंजलेले खांब अजून पाण्यात उभे आहेत. पुदुच्चेरीच्या धक्क्याचा मोठा भाग २०२२ च्या मार्चमध्ये कोसळला.

बेळगावचा समुद्राशी कधी संबंध होता का?

होता, आणि फार जवळचा होता. बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्ला. सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार घातली, तिचे अवशेष आजही आहेत. १८१२ मध्ये वेंगुर्ला इंग्रजांकडे गेलं. पुढची कित्येक दशकं बेळगाव-धारवाड भागातला कापूस बैलगाड्यांनी सह्याद्रीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला जायचा, आणि येताना मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे. आजही आमच्या आठवडी बाजारात सुक्या बांगड्याचा ढीग घेऊन बसलेली बाई घाटाखालूनच आलेली असते.

मग १८८० च्या दशकात बेळगावला रेल्वे आली, मुरगावचं बंदर रुळांनी जोडलं गेलं आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. क्लीव्हडनची गोष्ट वाचताना आम्ही इथेच थबकलो. तिथल्या धक्क्यावरून सेव्हर्न नदीच्या मुखापलीकडे वेल्सला जाणारे प्रवासी मिळतील असा हिशेब होता. १८८६ मध्ये त्याच सेव्हर्नखालून रेल्वेचा बोगदा सुरू झाला आणि तो हिशेब फिसकटला. एकाच दशकात, दोन देशांत, आगगाडीने बोटीचं गिऱ्हाईक नेलं.

क्लीव्हडनचा धक्का कशाचा बांधला आहे?

मोडीत निघालेल्या रुळांचा. बार्लो नावाच्या अभियंत्याने एक रुंद, पसरट रूळ काढला होता, स्लीपर न घालता थेट खडीवर टाकायचा. रेल्वेसाठी तो टिकला नाही, रूळ पसरून जागा सोडायचे. साउथ वेल्स रेल्वेने ते उखडले. जॉन विल्यम ग्रोव्हर आणि रिचर्ड वॉर्ड या अभियंत्यांनी तेच रूळ पाठीला पाठ लावून रिव्हेटांनी जोडले आणि त्यांचे खांब व कमानी केल्या. १८६९ च्या मार्चमध्ये धक्का खुला झाला. लांबी ३१२ मीटर, प्रत्येकी १०० फुटांचे आठ गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग. त्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरच्या आसपास जातो, म्हणून खांब फार उंच आणि अंगाने सडपातळ आहेत. ओहोटीच्या वेळचा फोटो पाहिला तर बगळे एका रांगेत उभे असावेत तसं दिसतं.

आमच्या गवंडीमामांनी तो फोटो मोबाइलवर मोठा करून रिव्हेटांची ओळ बराच वेळ पाहिली. म्हणाले, "जुनं लोखंड हाय की हे. पण जोड बघा कसा दिलाय."

मग तो पडला कसा? वादळाने?

नाही. १०१ वर्षांची वादळं त्याने सोसली. तो पडला तपासणीत. विम्यासाठी ठरावीक भार घालून धक्का तपासायचा होता. १७ ऑक्टोबर १९७० ला एकेका गाळ्यावर पाण्याने भरलेल्या टाक्या ठेवल्या, दर चौरस फुटाला ५० पौंड या हिशेबाने. सहा गाळे पास झाले. सातवा बसला आणि त्याने आठव्यालाही ओढलं. किनाऱ्याकडचा धक्का शाबूत, टोकाचा मंडप शाबूत, मधे नुसता समुद्र.

गावाने तो परत कसा उभा केला?

सगळ्यात मोठं उत्तर याच प्रश्नाचं आहे, कारण इथेच लोक घाई करतात. "दोन वर्षांत करून टाकू" म्हणतात. क्लीव्हडनला २८ वर्षं लागली.

१९७२ मध्ये गावकऱ्यांनी न्यास केला. पैसे नव्हते, तरी ते मागे हटले नाहीत. काही वर्षांनी तिथल्या स्थानिक प्रशासनानेच धक्का पाडून टाकायची परवानगी मागितली. त्यावर १९८० मध्ये जाहीर चौकशी झाली. लोकांनी साक्षी दिल्या, अभियंत्यांनी दुरुस्ती शक्य असल्याचं मांडलं, आणि निकाल धक्का ठेवण्याच्या बाजूने लागला. माझ्या मते सगळ्या गोष्टीतला हा सर्वांत मोलाचा दिवस. एक खिळाही ठोकला नव्हता, पण पाडण्याचा रस्ता बंद झाला होता.

मग वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थांकडून मोठा निधी आला. धक्का सुटा करून त्याचे भाग पोर्टिसहेडच्या गोदीत नेले, तिथे दुरुस्त केले आणि परत आणून जोडले. १९८९ मध्ये लोक पुन्हा त्यावरून चालले. टोकाचा भाग आणि त्यावरचा मंडप पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं. २००१ मध्ये त्याला तिकडच्या वारसा-यादीतला पहिला, सर्वोच्च दर्जा मिळाला.

१९७२ मध्ये न्यासात आलेला तिशीतला माणूस १९९८ ला पन्नाशी ओलांडून गेला असणार. तरी गावाने ते तडीस नेलं. म्हणून आमच्याकडे कुणी "कधी संपणार?" असं विचारलं की आम्ही तारीख सांगत नाही, पुढच्या रविवारी कोणती पायरी घेणार आहोत ते सांगतो.

लोकवर्गणीतून केलेलं सगळंच टिकतं का?

नाही, आणि हे सांगितलंच पाहिजे. इंग्लंडमध्येच हेस्टिंग्ज गावाचा १८७२ चा पिअर आहे, यूजीनियस बर्च या नामवंत अभियंत्याचा. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याला आग लागली. गावाने समभाग काढले, तीन हजारांहून जास्त लोकांनी मिळून सुमारे ५ लाख ९० हजार पौंड जमवले. लॉटरीतून वारशासाठी मिळणारा निधी १ कोटी पौंडांच्या वर होता. २०१६ मध्ये पिअर खुला झाला. २०१७ च्या ऑक्टोबरअखेर त्याला वास्तुकलेचं स्टर्लिंग पारितोषिक मिळालं. आणि पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, तो चालवणारी धर्मादाय संस्था आर्थिकदृष्ट्या कोलमडली. २०१८ मध्ये पिअर खासगी मालकाला विकला गेला. बांधायला पैसे मिळाले होते, रोज चालवायला पुरले नाहीत.

ही बातमी आम्ही बैठकीत वाचून दाखवली तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग शेजारच्या काकी म्हणाल्या, "लग्न थाटात केलं, संसाराचं बघितलंच नाही." त्याच दिवशी आम्ही ठरवलं की जमलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले वीस बाजूला ठेवायचे. त्यांना हात लावायचा तो फक्त दरवर्षीच्या डागडुजीसाठी.

आपल्या घाटाची काय अवस्था आहे?

एकूण २९ पायऱ्या. खालच्या, पाण्यात बुडणाऱ्या पायऱ्या काळ्या दगडाच्या आणि वरच्या जांभ्याच्या. काळ्या दगडावर पाथरवटाच्या टाकीचे घाव अजून बोटाला लागतात. खालून सहावी पायरी मधोमध खोलगट झाली आहे, परातीसारखी. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी कपडे आपटले आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दोन पायऱ्या सरकल्या आणि उजवीकडची भिंत फुगली. भिंतीच्या सांध्यात उंबर आणि पिंपळ रुजले होते.

मलप्रभा उगम पावते ती आपल्याच तालुक्यात, कणकुंबीला. पावसाळ्यात ती किती लवकर चढते हे काठावरच्यांना ठाऊकच आहे. एका रात्रीत चौदा पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

सिमेंट लावून एका महिन्यात काम का संपवत नाही?

कारण ती चूक आम्ही केली आहे. पहिल्याच वर्षी उत्साहाच्या भरात वरच्या चार पायऱ्यांचे सांधे सिमेंटने भरले. गुळगुळीत, घट्ट, पाहणारे वाहवा करत होते. पुढच्या पावसाळ्यानंतर सिमेंट जसंच्या तसं होतं, पण त्याच्या दोन्ही बाजूंचा जांभा पापुद्रे सुटून झडत होता. जांभा सच्छिद्र आहे, तो पाणी पितो आणि बाहेर सोडतो. सांधा चुन्याचा असेल तर ओल सांध्यातून निघून जाते. सिमेंट तिला अडवतं, मग ती दगडातून वाट काढते आणि दगडच खाते. सांधा हा नेहमी दगडापेक्षा मऊ असावा. झिजायचं तर सांध्याने झिजावं, तो परत भरता येतो.

ते सिमेंट छिन्नीने काढायला आम्हाला तीन रविवार लागले. त्यात दोन दगडांच्या कडा गेल्या. त्या कडा आम्ही तशाच ठेवल्या आहेत, नवीन येणाऱ्यांना दाखवतो.

चुना कसा तयार करता?

कळीचा चुना आणून खड्ड्यात पाणी घालून विझवतो. तो उकळतो, उडतो, म्हणून मुलांना लांब ठेवायचं आणि डोळ्यांवर चष्मा लावायचाच. विझवलेला चुना पाण्याखाली काही आठवडे मुरू देतो. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. मग चुना, चाळलेली वाळू आणि सुरखी. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेचा बारीक भुगा. खानापूर भागात माती चांगली आणि वीटभट्ट्या बऱ्याच, तुकड्यांना तोटा नाही. सुरखीमुळे चुना ओलाव्यातही धरतो, घाटासाठी ते फार गरजेचं. त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घालतो, जुने गवंडी तसंच करत आले आहेत. मळताना हात आखडता घ्यायचा नाही. मामा सांगतात, "थापीला चिकटला आणि उलटी केली तरी पडला नाही, म्हणजे झाला."

सांधे भरल्यावर ओली गोणपाटं टाकून आठवडाभर पाणी मारायचं. उन्हात चुना भराभर वाळला तर भेगा पडतात. म्हणून आमचं चुन्याचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि होळीपर्यंत आटपतं.

झाडं उपटून टाकली का?

ओढून काढली नाहीत. मूळ ओढलं की दगड सोबत येतो. वरून कापत गेलो, नवीन फूट आली की खुडत गेलो, मूळ मेल्यावर तो सांधा उघडून साफ केला. एक पिंपळ भिंतीपासून अडीच हात लांब आहे, तो तसाच आहे. सकाळी त्याचीच सावली असते.

परवानगी लागते का?

लागते. नदीकाठ सरकारी, म्हणून ग्रामपंचायतीचा ठराव आणि तहसीलदार कार्यालयाला अर्ज, हे आधी. बांधकाम संरक्षित स्मारक असेल तर त्याला स्वतःहून हात लावायचा नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरमध्ये परवानगी बंधनकारक आहे. राज्याच्या स्मारकांसाठी कर्नाटकाचा १९६१ चा वेगळा कायदा आहे. हलशी, देगाव अशी जुनी देवळं असलेल्या गावांनी हे आवर्जून पाहावं.

अर्ज कन्नडमध्येच द्या. आमचा मराठी अर्ज एका कार्यालयातून दोनदा परत आला, त्यात चार महिने गेले. आपल्या भाषेत उत्तर मिळावं असं आम्हालाही मनापासून वाटतं, त्यासाठी वेगळं भांडू. पण पावसाळा त्याची वाट पाहत नाही. आमचे अर्ज आता गावातल्या कन्नड शाळेतल्या एक बाई लिहून देतात, आणि रविवारी घमेलंही उचलतात.

घाटावरचा फलक कोणत्या भाषेत असणार?

मराठी आणि कन्नड, दोन्ही, एकाच आकाराच्या अक्षरांत. याच्यावर बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली होती. आमच्या भागात पाटीवरून माणसं तुटलेली आम्ही पाहिली आहेत, म्हणून प्रत्येकाला पूर्ण बोलू दिलं. शेवटी निर्णय एकमताने झाला. नदीचं नाव दोन्ही भाषांत सारखंच आहे, सुरुवात तिथून केली.

देणगीदारांची नावं दगडात कोरणार का?

जुन्या दगडावर एकही अक्षर कोरणार नाही. क्लीव्हडनला धक्क्यावर लहान लहान पितळी पट्ट्या बसवल्या आहेत. कुणी आईच्या आठवणीसाठी, कुणी लग्नाच्या वाढदिवसासाठी पैसे देतं आणि नाव तिथे लागतं. चालणारा वाकून वाचत जातो. कल्पना आम्हाला आवडली, पण आमची जागा पुराखाली जाते. म्हणून वरच्या पारावर, नव्या फरशीत, पट्ट्या लावतो आहोत. रक्कम कितीही असो, पट्टी एकाच मापाची. पाच दिवस घमेली वाहणाऱ्यालाही पट्टी मिळते. पहिली पट्टी एका आजींच्या नावाची आहे, त्यांनी पैसे दिले नव्हते, पण पहिल्या वर्षी रोज सगळ्यांना ताक आणून दिलं.

घाट दुरुस्त झाला की कपडे धुणं, म्हशी धुणं बंद करणार का?

नाही. ज्या घाटावर माणूस येत नाही तो घाट आधी झुडपांचा होतो. धुण्यासाठी सहावी पायरी आणि तिच्या डावीकडचा भाग ठेवला आहे. बेंदराला बैल खालच्या अंगाला उतारावरून पाण्यात नेतात, तो उतारही आम्ही बांधून घेतला. गौरी-गणपतीचं विसर्जन होतं. निर्माल्यासाठी वर हौद केला आहे, प्लास्टिक आणि थर्माकोल पाण्यात जाऊ देत नाही, यावरून दर वर्षी वाद होतात आणि आम्ही ते घालतो. दहाव्याच्या विधीची जागा पूर्वीपासून वेगळी आहे, ती तिथेच राहील.

बेळगाव शहरात असं काही करता येईल का?

विहिरी आहेत की. १९२४ च्या डिसेंबरमध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात भरलं, तेव्हा आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदली होती. ती आजही आहे. शहरातल्या कितीतरी वाड्यांत जुन्या बांधीव विहिरी आहेत. गाळ काढणं हे तिथलं पहिलं काम, आणि ते वर्णनाला सोपं पण अंगाला जड. विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील खाली सोडून पाहा, पण तेवढ्यावर विसंबू नका. खाली विषारी वायू असू शकतो, म्हणून जाणकार माणूस आणि कमरेला दोर असल्याशिवाय कुणालाही उतरवू नका.

मला यायचं आहे. कधी येऊ, काय आणू?

दिवाळीनंतर होळीपर्यंत कोणत्याही रविवारी, सकाळी सात वाजता. साडेदहाला काम थांबतं. जाड हातमोजे, डोक्याला टॉवेल, पाण्याची बाटली. चुन्याने हात फाटतात, घरी गेल्यावर खोबरेल लावा. कामाचा अनुभव नसेल तर पहिल्या दिवशी मामांसोबत दगड वाजवत फिरायचं. हातोडीच्या दांड्याने टकटक करायची. भरीव दगड खणखणीत वाजतो, आतून सुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजला की त्यावर खडूने फुली. मागच्या रविवारी सातवीतल्या एका मुलीने डाव्या भिंतीवर अकरा फुल्या मारल्या. मामांनी त्या सगळ्या पुन्हा वाजवून पाहिल्या आणि एकही पुसली नाही. येत्या रविवारी आम्ही तिथूनच सुरुवात करणार आहोत.